नवुआ मोथा
नवुआ मोथा (शास्त्रीय नाव : सायपेरस ॲरोमॅटिकस) ही मुस्तक कुलातील बहुवर्षायू वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील आहे, प्रचलित नाव मात्र तिला फिजीतील नवुआ या गावावरून मिळाले. आपल्या शेतांतील चिवट लव्हाळा याच प्रजातीतला. खोड त्रिकोणी असून टोकास हिरवट, गोलसर फुलोरा येतो.

फिजीतील दमट कुरणांत हिचा उपद्रव मोठा आहे. गुरे हिला सहसा तोंड लावत नाहीत. ती भोवतीचे गवत खातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हीच पसरते. अतिचराई झाल्यास तिला आयतेच रान मिळते. नुसती कापल्याने ती हटत नाही, कारण मूलक्षोडातून पुन्हा फुटते. बारीक बिया चिखलाबरोबर खुरांना व चाकांना चिकटून दूर जातात. सामोआ, व्हानुआतू व ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलँड येथेही ती पसरली आहे.