जात, मत आणि रामटेक

नागपूरजवळचे बेसा आज ज्या रामटेक लोकसभा मतदारसंघात येते, तिथे १९८४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव निवडून आले. ते तेलुगू भाषक, आंध्रचे माजी मुख्यमंत्री. इथे ना त्यांची जात मोठी, ना सोयरीक. ती इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट होती, असा आक्षेप रास्तच. पण १९८९ मध्ये लाट ओसरून काँग्रेसची दिल्लीतली सत्ता गेली, तरी रामटेकने त्यांनाच निवडले. शेजारच्या नागपूरने तर १९७७ मध्ये गेव्ह आवारी या पारशी उमेदवाराला कौल दिला होता.

म्हणून जात गौण ठरते, असे मी म्हणणार नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर रिपब्लिकन राजकारण इथे समाजाच्या एकजुटीवरच उभे राहिले, आणि ते न्याय्य होते. माझा मुद्दा वेगळा आहे: ओळख मतात कधी उतरते, हे राजकीय रचना ठरवते. आफ्रिकेतले एक उदाहरण घ्या: चेवा आणि तुंबुका या जमाती मलावीत प्रतिस्पर्धी आहेत, तर झांबियात मित्र. कारण मलावीत त्या सत्ता मिळवण्याइतक्या मोठ्या आहेत, झांबियात नाहीत. इथेही रचनेचाच परिणाम दिसतो: रामटेक २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेव्हापासून तिथले बहुसंख्य मतदार आपल्या जातीबाहेरचाच खासदार निवडत आले आहेत.