तेर

तेर हे महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील व तालुक्यातील, तेरणा नदीकाठी वसलेले एक प्राचीन गाव आहे. सातवाहनकाळात भरभराटीस आलेले ‘तगर’ हे व्यापारी नगर म्हणजेच आजचे तेर होय. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणूनही ते महाराष्ट्रभर परिचित आहे.

भूगोल

जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून तेर ईशान्येस सुमारे २० ते २५ किलोमीटरवर आहे. तेरणा नदी बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन मांजरेस मिळते. मांजरा पुढे गोदावरीची उपनदी होते. प्रदेश पर्जन्यछायेतील असल्याने शेती पावसाच्या लहरीवर अवलंबून आहे. ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस ही येथील पिके होत.

गावाच्या आसपास जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. अशा जागेस ‘पांढर’ म्हणतात. शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंतींची माती व केरकचरा मिसळून ही भुरी माती तयार होते. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांत माळवदावर पसरण्यासाठी ती उत्तम मानली जाते. तेरच्या इतिहासात या मातीचे स्थान मोठे आहे; त्याविषयी पुढे येईलच.

नाव व तगरची ओळख

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. तगरहून साधे कापड, मलमल व इतर वस्त्रे गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात. टॉलेमीनेही या नगराची नोंद केली आहे.

हे तगर कोणते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. विल्फर्डने देवगिरी, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचविले होते. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरचे नाव मांडले व तेच मान्य झाले. भडोच ते पैठण सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर, तर पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर आहे. वीस आणि दहा दिवसांच्या प्रमाणाशी ते बरेच जुळते. मात्र दिशा पूर्व नसून आग्नेय आहे. भाषेचा पुरावाही अनुकूल आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोप पावतो. ‘नगर’चे ‘नयर’ व पुढे ‘नेर’ (संगमनेर, अमळनेर) झाले, त्याच वाटेने ‘तगर’चे ‘तेर’ झाले.

नगराचे वैभव ओसरल्यावरही नावाचा मान टिकला. कोकण व कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ‘तेरापूर’ येते. गावात जैनांचे तीर्थस्थानही आहे.

मंदिरे

त्रिविक्रम मंदिराचा विटांनी बांधलेला गाभारा मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून छत गजपृष्ठाकार आहे. पुढील मंडप नंतरचा. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२–०३ च्या अहवालात हा मूळचा बौद्ध चैत्य असावा, असे मत दिले. ते सर्वांना मान्य नाही. अशी उभी वास्तू भारतात विरळा. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे तिचे जवळचे उदाहरण. उत्तरेश्वर मंदिरही विटांचे असून त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट प्रसिद्ध आहे.

उत्खनन व संग्रहालय

पांढरीची माती खणताना, नांगरताना आणि पावसाने टेकाडे धुपताना येथे नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या व केओलिनच्या मूर्ती वर येत राहिल्या. माती घराच्या छतावर गेली आणि वस्तू बहुधा फेकल्या गेल्या किंवा विकल्या गेल्या. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या चिकाटीने जमविल्या नसत्या, तर आज दाखविण्यासारखे फार थोडे उरले असते. हाच संग्रह पुढे शासनाकडे येऊन त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय गावात उभे राहिले.

संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष उल्लेखनीय आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्याने तेथील मूर्तीचा काळ ठरतो. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही अशीच मूर्ती मिळाली आहे.

अशा संग्रहाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे नोंदलेले नसल्यास तिचा काळ केवळ घडणीवरून ताडावा लागतो. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केलेल्या उत्खननाचे महत्त्व त्यामुळेच अधिक आहे. त्याने सातवाहनकालीन वस्तीचा थरवार पुरावा दिला. पांढरीतून उचललेली प्रत्येक पाटी असा पुरावा कायमचा नाहीसा करते.

संत गोरा कुंभार

नामदेव व ज्ञानेश्वर यांचे समकालीन संत गोरोबाकाका यांचे वास्तव्य परंपरेनुसार येथेच होते. संतमंडळींची डोकी थापटण्याने पारखून त्यांनी नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांची समाधी तेरणाकाठी काळेश्वर मंदिराजवळ असून चैत्र वद्य त्रयोदशीस पुण्यतिथीचा उत्सव भरतो. येथून पंढरपूरला पालखी जाते.

अर्वाचीन काळ

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.