निकाल थोपवून धरणारा प्रेक्षक : एक प्रस्तावना

रहस्यपट सुटल्यावर थिएटरच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसांच्या गप्पा लक्ष देऊन ऐकाव्यात. एकजण सांगत असतो, "मला मध्यंतरालाच कळलं होतं." दुसरा विचारतो, "मग ती चावी तिथं आली कशी?" तिसरा गप्प असतो. एका निरपराध पात्रावर आपण दोन तास संशय घेतला, हे त्याला कुठेतरी लागलेलं असतं. आपल्या अभ्यासाचे हेच तीन दरवाजे आहेत: प्रेक्षकाचा तर्क, पटकथेची सचोटी आणि आपले पूर्वग्रह. बुद्धीला आव्हान देणाऱ्या खुनाच्या चित्रपटाला प्रेक्षक आणि समीक्षक कसे सामोरे जातात, हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या वाचकाचं इथं मनापासून स्वागत आहे. सुरुवात हैदराबादपासून करू, कारण या कामाला इतकं सोयीचं शहर मला दुसरं ठाऊक नाही.

इथला प्रेक्षक एकाच आठवड्यात दोन-तीन भाषांतले चित्रपट सहज पाहतो. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांत हिंदी आणि तेलुगू दोन्ही पडदे आपलेच मानले जातात. त्यामुळे 2019 साली या शहरात न ठरवता एक प्रयोगच घडून आला. ओरिओल पाउलो या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या 2016 च्या 'कॉन्त्रातिएम्पो'वर आधारलेला सुजॉय घोष यांचा 'बदला' 8 मार्चला आला. त्याच कथाबीजावरचा वेंकट रामजी यांचा तेलुगू 'एवरु' 15 ऑगस्टला लागला. 'एवरु' म्हणजे 'कोण?'. 'बदला' आधीच पाहिलेल्या प्रेक्षकाला मात्र हा प्रश्न पुरा पडत नव्हता. त्याला पाहायचं होतं की आता डाव कसा मांडलाय. 'बदला'त आरोपी आणि वकील समोरासमोर बसतात आणि बोलण्यात महाभारत येतं. 'एवरु'त अदिवी शेषचा पोलीस अधिकारी आणि रेजिना कॅसँड्राची संशयित स्त्री समोरासमोर येतात, आणि आपल्यावर अत्याचार झाला हे त्या स्त्रीचं म्हणणंच कथेच्या केंद्रस्थानी आहे. सांगाडा एकच असला तरी दुसऱ्या चित्रपटात प्रेक्षकाच्या संशयाला वेगळं नैतिक वजन येतं. शेवट मी सांगणार नाही. ते पथ्य या अभ्यासातही पाळायचं आहे.

या पथ्याला मोठी परंपरा आहे. क्लूझो यांच्या 'ले दियाबोलिक' (1955) या फ्रेंच चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षकांना शेवट फोडू नका अशी विनंती केलेली होती. 1960 मध्ये 'सायको'च्या वेळी हिचकॉक यांनी चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक घातला. अ‍ॅगाथा ख्रिस्तींचं 'द माउसट्रॅप' 1952 साली लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि खुनी कोण हे बाहेर सांगू नये, असं प्रेक्षकांना सांगण्याची तिथं प्रथाच पडली. या सगळ्यांमागे एक गोष्ट गृहीत आहे. रहस्यपट पडद्यावर पुरा होत नाही, जो पाहून आला त्याच्या तोंड मिटण्यात तो पुरा होतो.

त्यामुळे समीक्षकाची अवस्था मोठी अवघड होते. चित्रपटाचा सगळा अर्थ ज्या उलगड्यात आहे, त्याच्याविषयी शुक्रवारच्या परीक्षणात त्याला लिहिता येत नाही. मग तो छायाचित्रण, वेग, पार्श्वसंगीत, अभिनय यांवर लिहितो आणि 'शेवट धक्का देतो' एवढं म्हणून थांबतो. म्हणून अशा चित्रपटाची परीक्षणं दोन थरांत वाचावी लागतात. पहिल्या थरात प्रदर्शनाच्या दिवसाचं जपून लिहिलेलं मत येतं. दुसऱ्या थरात काही महिन्यांनी, सगळ्यांना सगळं ठाऊक झाल्यावरचं मोकळं लेखन येतं. या दोन थरांतलं अंतर मोजणं हे आपल्या क्षेत्रातलं पहिलं शास्त्रशुद्ध काम.

सिद्धान्ताचा पायाही ठाऊक असावा. 1966 मध्ये त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी दाखवून दिलं की रहस्यकथेत दोन कथा असतात: एक गुन्ह्याची, जी आधीच घडून गेलेली आहे, आणि दुसरी तपासाची, जी आपल्यासमोर घडते. खेळ रास्त झाला की नाही, हा वाद तर त्याहून जुना. ख्रिस्तींच्या 1926 मधल्या रॉजर अ‍ॅक्रॉइड कादंबरीवर वाचकांना फसवल्याचा आरोप झाला. 1945 मध्ये एडमंड विल्सन यांनी या सगळ्या प्रकाराचंच महत्त्व नाकारणारा लेख लिहिला. मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटू नये. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर आपल्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' 1964 साली आला आणि दोनच वर्षांत 'मेरा साया' होऊन हिंदीत गेला. एकच रहस्य दोन भाषांत पाहणारा प्रेक्षक आपल्याकडे तेव्हापासून आहे.

तेलुगू चित्रपटाच्या प्रेक्षकाचा अभ्यास व्हायचा तो मुख्यतः ताऱ्यांच्या चाहत्यांचा. एस. व्ही. श्रीनिवास यांचा चिरंजीवींवरचा 2009 चा ग्रंथ त्यातला मोलाचा टप्पा आहे. आरटीसी क्रॉस रोड्सच्या थिएटरांत पहिल्या खेळाला उधळलेले कागद आणि शिट्ट्या हा त्या प्रेक्षकाचा आवाज. रहस्यपटाचा प्रेक्षक मात्र शांत असतो आणि त्याची प्रतिक्रिया आत चाललेली असते. चंद्रशेखर येलेटी यांच्या 'अनुकोकुंडा ओक रोजू'त (2005) नायिकेच्या आठवणीतून एक अख्खा दिवस गळून जातो आणि तो आपण तिच्यासोबत शोधतो. हाच चित्रपट 2008 मध्ये 'संडे' होऊन हिंदीत आला तेव्हा त्यात विनोद शिरला आणि प्रेक्षकाकडून मागितलेली एकाग्रताही बदलली. 2019 च्या जूनमध्ये आलेला 'एजंट साई श्रीनिवास आत्रेय' मोठ्या ताऱ्याशिवाय चालला. कोडं चांगलं असेल तर प्रेक्षक येतो, हे त्याने दाखवून दिलं.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. शैलेश कोलानू यांचा 'हिट : द फर्स्ट केस' 28 फेब्रुवारी 2020 रोजी प्रदर्शित झाला. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर गाडी बंद पडलेली एक मुलगी नाहीशी होते, तिथून तो सुरू होतो. त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर 2019 मध्ये, त्याच रस्त्यालगत शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. 6 डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल 2022 मध्ये खुला झाला. आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा त्याचा निष्कर्ष होता.

फुलं उधळणारं आणि 'हिट' पाहणारं शहर एकच होतं. रस्त्यावर त्याला निकाल तत्काळ हवा होता. अंधाऱ्या थिएटरात तेच शहर दोन तास पुरावा पाहत होतं, संशय एकावरून दुसऱ्यावर नेत होतं आणि आपण चुकलो हे कबूल करत होतं. चित्रपटाने समाज सुधारतो, असा माझा दावा नाही. पण निकाल थोपवून धरण्याची सवय माणसाला कुठं लागते, हा प्रश्न विचारायला रहस्यपटाच्या प्रेक्षकासारखी जागा नाही. म्हणूनच मला हा विषय केवळ करमणुकीचा वाटत नाही.

काम सुरू करणाऱ्याला तीन गोष्टी सांगतो. मध्यंतराला आपला संशय कागदावर लिहून ठेवा, कारण शेवट कळल्यावर स्मरणशक्ती स्वतःच्या बाजूने साक्ष देते. चित्रपट दुसऱ्यांदा पाहा, पटकथेने आपल्यापासून काय लपवलं आणि आपणच काय पाहिलं नाही, हे तेव्हाच वेगळं होतं. आणि शेजारी बसलेल्याला, त्याची भाषा कोणतीही असो, तुम्हाला कोणावर संशय आला आणि का, हे विचारा. त्या 'का'च्या उत्तरात जात, वर्ग, पोशाख, उच्चार, बाईपण यांविषयीच्या आपल्या सगळ्या समजुती बाहेर येतील. त्या जशाच्या तशा नोंदवा, आणि नोंदीची सुरुवात स्वतःच्या उत्तरापासून करा.