तेरच्या मातीची घरगुती विद्या

शाळा, फळा आणि पुस्तक यांच्या आधारानें मिळते तीच विद्या, असें मानण्याची संवय आपल्या समाजांत फार दृढ झाली आहे. परंतु हातांच्या विद्या शतकानुशतकें घरच्या ओसरीवरच शिकल्या गेल्या. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें तेर हें गांव याचा बोलका पुरावा आहे. घरगुती शिक्षणाचें बळ व त्याची उणीव हीं दोन्हीं तेथें एकत्र दिसतात.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें शहर असल्याचें सांगितलें आहे. तेथील साधें कापड व तलम मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास जात असे. त्या काळीं गिरण्या नव्हत्या. सूत निघालें तें चातीवर, आणि कापड विणलें गेलें तें हातमागावर. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं प्रतिपादन केलें. पुढें १९५८ सालीं तेथें उत्खनन झालें. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ति, हस्तिदंताचें काम असें पुष्कळ धन गांवच्या पांढरींतून हातीं आलें आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अशा वस्तु मोठ्या निष्ठेनें जमविल्या. त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आज गांवांत आहे.

या संग्रहांतील केओलिन नांवाच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ति विशेष पाहण्याजोग्या आहेत. एका साच्यांत मूर्तीची पुढील बाजू व दुसऱ्यांत पाठ काढीत, आणि माती ओलसर असतांनाच दोन्ही भाग जोडीत. मूर्ति आंतून पोकळ राहिल्यामुळें भाजतांना तडकण्याची भीति कमी होई. माती किती ओली असावी, सांधा कोणत्या घटकेस दाबावा, हें सांगून समजत नाहीं. जाणत्याच्या शेजारीं बसून बोटांनींच उमजावें लागतें. परंतु ही परंपरा पुढें खंडली. मूर्ति राहिल्या, त्या घडविणारे हात मात्र राहिले नाहींत.

कुंभाराच्या चाकाचें दैव याहून बरें ठरलें; कारण घागर व रांजण यांवांचून कोणाचेंच घर चालत नसे. कुंभाराचें पोर आधीं मातींतले खडे वेंची, मग राख चाळी, चिखल तुडवी, आणि कित्येक दिवसांनीं चाकाजवळ येई. चाकावरून उतरलेल्या मडक्यास आंतून दगडाचा आधार देऊन बाहेरून थापटण्यानें ठोकावें, आव्यांतून निघाल्यावर टिचकी मारून नाद ऐकावा, हा त्याचा अभ्यासक्रम. कच्च्या मडक्याचा नाद बद्द येतो, पक्क्याचा खणखणीत; परीक्षकाची गरजच नाहीं.

तेरचे संत गोरोबाकाका हे याच व्यवसायांतले. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंच्या सुचनेवरून गोरोबांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलें, आणि नामदेवांचें मडकें कच्चें असल्याचा निर्णय दिला, अशी कथा परंपरेनें सांगतात. त्या मेळ्यांत शिंपी होते, माळी होते. पण कुंभाराची कसोटी सर्वांनाच लागू झाली.

कथेंत जें घडलें तें व्यवहारांत मात्र घडलें नाहीं. कुंभाराची विद्या कुंभाराच्या घरीं, कोष्ट्याची कोष्ट्याच्या घरीं. परक्या मुलास दार बंद, आणि घरच्या मुलीसही चाक बहुधा वर्ज्यच. जिव्हाळ्यानें शिकविणारी याहून चांगली शाळा नव्हती. पण तिचा दरवाजा इतका अरुंद होता कीं, एक घर निर्वंश झालें अथवा पोटासाठीं परगांवीं गेलें म्हणजे विद्येचाही शेवट होई. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं ठेवण्याचा विचार मांडला; त्यांत हा दरवाजा सर्व मुलांसाठीं उघडण्याचें बीज होतें.

संग्रहालय वस्तु जपूं शकतें, हात जपूं शकत नाहीं. ते जपावयाचे तर मातीचा गोळा, सुताची गुंडी, गोधडीची सुई हीं ज्याच्या त्याच्या नव्हे, तर कोणाच्याही घरीं, मुलगा असो वा मुलगी, मुलांच्या हातीं पडलीं पाहिजेत. पहिलें मडकें वांकडें होईल, दुसरें फुटेल. त्यांना टिचकी मारून तिसरें घडविण्यास जें मूल बसेल, त्याच्या हातीं तेरची विद्या पुन्हा आली असें समजावें.