हिंदमातेचे पाणी आणि ॲल्युमिनियमचा तडा

मराठीत भेग ‘पडते’, चीरही ‘पडते’. तडा मात्र ‘जातो’. भुईला भेग पडते, टाचेला भेग पडते. परंतु काचेला, मडक्याला वा ओतीव धातूला तडा जातो. क्रियापदांच्या ह्या भेदावर फार मोठा डोलारा उभारण्याचे कारण नाही. तथापि धातुशास्त्रज्ञ तड्याविषयी जे सांगतो ते ह्या प्रयोगाशी जुळते, हे नोंदवावयास हवे. तडा हा स्थिर राहात नाही. ताण पडला की त्याचे टोक पुढे सरकते. म्हणूनच इंजिनाच्या ब्लॉकवर केसाएवढी रेघ दिसली म्हणजे ती तड्याची, ओरखड्याची, की ओतकामाच्या साच्यातून उमटलेली, हा प्रश्न कारागिरास प्रथम सोडवावा लागतो. ह्या शंकेचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

त्यासाठी हिंदमाता परिसर निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. परळ, माहीम, वरळी ही मूळची निरनिराळी बेटे. 1784 च्या सुमारास वरळीची खिंड बांधाने बुजविण्यात आली आणि बेटांमधील सखल खाजण हळूहळू वस्तीखाली आले. चित्रपटगृहावरून ज्यास हे नाव पडले तो हिंदमातेचा भाग भोवतालच्या भूमीहून खोलगट असल्याने पावसाचे पाणी तेथे साचते; भरतीच्या वेळी समुद्राकडे जाणारा निचरा मंदावला म्हणजे अधिकच साचते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यास केवळ 73 मिलिमीटर. त्या दिवसाची आठवण मुंबईकरास द्यावयास नको. हिंदमातेस मात्र तेवढ्या प्रलयाची आवश्यकता नसे. मोठी भरती आणि दोन तासांची जोराची सर एवढे पुरत असे.

अशा पाण्यात चालत्या गाडीचे इंजिन हवेबरोबर पाणी ओढून घेते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सारा अनर्थ एवढ्यात आहे. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ टॅक्सी म्हणून धावलेल्या, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातील पद्मिनी गाडीचे इंजिन 1089 घन सेंटीमीटरचे होते. चार सिलिंडरांत वाटणी केल्यास प्रत्येकी सुमारे 272 घन सेंटीमीटर येतात. दाबाचे प्रमाण आठास एक धरले तर दट्ट्या (कारागिराच्या भाषेत पिस्टन) वर पोहोचल्यावर उरणारी जागा सुमारे 39 घन सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या कप चहापेक्षाही कमी. त्याहून अधिक पाणी आत शिरले की दट्ट्या अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो तुटल्यास ब्लॉकची भिंत आतून फोडतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह ह्यासाठीच घातक.

पद्मिनीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा व वरील हेड ॲल्युमिनियमचे होते. उत्तरकालीन अनेक गाड्यांत ब्लॉकही ॲल्युमिनियमचा झाला. ही कल्पना नवी नव्हे. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानासाठी चार्ल्स टेलर ह्यांनी जे इंजिन बांधले त्याचा सांगाडा ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून ओतला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत चाचणी घेताना तो फुटला, आणि एप्रिलमध्ये दुसरे ओतकाम हाती येईपर्यंत काम थांबले. म्हणजे विमानविद्येच्या पहिल्याच इंजिनाने हा धडा गिरविला होता!

तडा ओळखण्याची सर्वांत जुनी रीत कानाची. मडके घेणारी गृहिणी ते टिचकी मारून पाहते; आवाज ‘बद्द’ आला तर ते परत ठेवते. रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून नाद ऐकणारा तपासनीस हाच न्याय लावी. परंतु नाद साध्या आकाराच्या वस्तूचा खरा. पाण्याच्या वाटा व पडदे असलेल्या ब्लॉकमध्ये तो फसवा ठरतो. दुसरी रीत रेल्वेच्या कारखान्यांत रूढ झाली. परळ येथे जी. आय. पी. रेल्वेचा कारखाना 1879 मध्ये निघाला. अशा कारखान्यांच्या युगातील ही पद्धत होय. सुटा भाग पातळ तेलात भिजवावयाचा, कोरडा पुसावयाचा, मग त्यावर खडूच्या भुकटीचा लेप द्यावयाचा. तडा असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. ओरखड्यात तेल मुरत नाही; म्हणून तेथे लेप पांढराच राहतो.

लोखंडासाठी चुंबकाचाही उपाय निघाला. सॅक्सबी ह्यांनी 1868 मध्ये तोफांच्या नळ्यांतील दोष होकायंत्राच्या सुईने शोधून दाखविला. पुढे त्यावरून लोहचूर्णाची पद्धत विकसित झाली. ॲल्युमिनियमला ती निरुपयोगी, कारण चुंबक त्यास धरीत नाही. म्हणून 1940 नंतरच्या दशकात अमेरिकेत स्विट्झर बंधूंनी चमकणाऱ्या रंगद्रव्याची जी रीत आणली, तिचे महत्त्व ह्या धातूसाठी विशेष. तत्त्वतः ती खडू-तेलाचीच सुधारलेली आवृत्ती होय. आजच्या गॅरेजमध्ये पाण्याच्या वाटा बंद करून ब्लॉक पाण्यात बुडवितात व आत हवेचा दाब देतात. बुडबुडे निघाल्यास शंका फिटते.

तडा ठरल्यावरही काम संपत नाही. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते, परंतु त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडचा पापुद्रा वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. शिवाय जुन्या ओतकामात मुरलेले तेल जोडास छिद्रे पाडते. म्हणून चांगला कारागीर प्रथम तड्याच्या दोन्ही टोकांस बारीक भोके पाडून त्याचे ‘जाणे’ रोखतो, सर्व भाग स्वच्छ करून तापवितो, आणि मगच टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आवरणात जोड भरतो. सिलिंडरच्या भिंतीस किंवा मुख्य बेअरिंगच्या आधारास तडा गेलेला असल्यास बहुधा तो ब्लॉक टाकून देणेच इष्ट. नेहमीच्या मोटार विम्यातून पाणी ओढून झालेली इंजिनाची हानी सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेव्हा हा निर्णय स्वतःची टॅक्सी चालविणाऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीचा असतो.

महानगरपालिकेने 2021 पासून सेंट झेवियर मैदान व प्रमोद महाजन उद्यान येथे पाणी साठविण्याच्या भूमिगत टाक्यांचे काम हाती घेतले. भरती ओसरेपर्यंत हिंदमातेचे पाणी तेथे रोखून धरावयाचे, अशी योजना आहे.