कडब्याची पेंढी आणि तळहात

पीटर ब्रूगेलचे १५६५ सालचे गवतकापणीचे चित्र अनेकांच्या पाहण्यात असेल. खांद्यावर दाताळी टाकून रस्त्याने निघालेल्या तीन स्त्रिया, मागे कुरणात रचले जाणारे ढीग, वर उन्हाळ्याचे निवांत आकाश. युरोपात वाळलेल्या गवताला आणि क्लोव्हरला चित्र लाभले, गाणे लाभले, कादंबरीत जागा लाभली. आमच्या नांदेड-लातूरकडे त्या जागी काय होते, असे कोणी विचारले तर उत्तर एकाच शब्दात देता येईल : कडबा. क्लोव्हरच्याच कुळातला बरसीम विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तहून सिंधमध्ये आला आणि पुढे उत्तरेत कालव्यांच्या पाण्यावर पसरला. मराठवाड्याच्या कोरडवाहू काळ्या रानात त्याला थारा मिळणे कठीणच होते. इथली लाल कंधारी आणि देवणी जनावरे पावसाळा सरल्यावर जगत ती ज्वारीच्या वाळल्या ताटांवर.

अलीकडे ज्वारी गेल्याची हळहळ फार ऐकू येते. लेखांतून, भाषणांतून, आणि शहरातल्या हॉटेलात भाकरी मागवून खाणाऱ्यांच्या तोंडूनही. सोयाबीनने ज्वारीला गिळले, असे आपण म्हणतो. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी राज्यात नावाजली, हे खरेच आहे. नगदी पैसा, कमी दिवसांचे पीक ही कारणेही खरी. पण या कारणांच्या यादीत एक कारण क्वचितच येते. ज्वारी काढणे आणि तिचा कडबा बांधून घरी आणणे हे काम इतके जिवावरचे होते की ज्यांना ते करावे लागे, त्यांना संधी मिळताच ते सोडावेसे वाटले. मला हे कारण दुय्यम वाटत नाही.

कामाचे स्वरूप मुळातून पाहायला हवे. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येते. तोवर काळी जमीन तडकून दगडासारखी झालेली असते. पुष्कळ ठिकाणी ज्वारी कापत नसत, उपटत. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरून हिसका द्यायचा, मुळांची माती झटकायची, आडवे टाकायचे आणि पुढच्या ताटाला हात घालायचा. दिवसातून किती वेळा, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येत, दुसऱ्या दिवशी ते फुटत. तिसऱ्या दिवशी चिंध्या गुंडाळून काम चाले. पानांच्या धारेने मनगटे चिरत. मग आडव्या पडलेल्या ताटांची कणसे खुडायची. हे बहुधा बायकांचे काम, उन्हात बसून, कणसावरचे बारीक कूस अंगभर घेत. त्याची खाज रात्री झोपू देत नसे.

कणसे गेली की उरतो तो कडबा. तो बांधण्याची वेळ पहाटेचीच, कारण ऊन चढले की वाळलेले पान हात लागताच चुरा होते आणि पेंढीत नुसती दांडकी उरतात. जनावराला हवे असते ते पान. क्लोव्हर वाळवणाऱ्या युरोपीय शेतकऱ्याची चिंता नेमकी हीच असते. तेव्हा दवाने पान मऊ आहे तोवर, म्हणजे रात्र सरता सरता, अंधारात चाचपडत पेंढ्या बांधायच्या. आडव्या ताटांखाली साप-विंचू निवाऱ्याला आलेले असत. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आणि विक्री शेकड्यावर. पुढे बैलगाडी उंच भरायची, गावात आणून गंज रचायची. गंज रचणे हे मात्र कसबाचे काम होते. उतार चुकला तर अवकाळी पावसाचे पाणी आत मुरे आणि कडबा काळा पडे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा उभ्या ज्वारीबरोबर वैरणीचीही माती झाली.

आता यातला माणूस कोण होता? घरची माणसे होतीच, पण मोठ्या शेतकऱ्याकडे हे काम पडे सालगड्यावर आणि रोजाने आलेल्या बायकांवर. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. म्हणजे वर्षातले सर्वांत कष्टाचे काम सालाच्या अगदी शेवटी येई, अंगावर उचल फिटायची राहिलेली असताना आणि पुढच्या सालाचा शब्द मालकाच्या हाती असताना. अशा वेळी पाठ दुखते हे कोणाला सांगायचे? १९५०च्या हैदराबाद कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले. सालगडी हा कूळ नव्हता. इतिहास लिहिणाऱ्यांनी निजामी राजवटीतले सारे आणि जमिनीचे हक्क तपासले, ते आवश्यकच होते. मात्र साऱ्याच्या हिशेबात धान्य येते, रोकड येते. तळहात येत नाही.

संकरित ज्वारीनेही या गोष्टीला वळण दिले. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. धान्य वाढले, पण ताट बुटके, म्हणून कडबा कमी. खरिपातली ही ज्वारी उशिराच्या पावसात सापडली की काळी पडे. १९७२च्या दुष्काळात हायब्रीडने माणसांना तारले, हे ज्येष्ठ मंडळी आजही मान्य करतात. मालदांडीच्या कडब्याची सर तिला नाही, असेही लगेच जोडतात. दोन्ही विधाने खरी आहेत. असो.

कंधार तालुक्यातल्या एका आजींशी मी याच विषयावर बोलत होतो. ज्वारीची महती मी जरा जास्तच गायली असावी. त्या म्हणाल्या, "सर, जवारी चांगलीच व्हती. पर तुमी कधी उपटली का?" मी उपटलेली नव्हती. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो खरा, पण परीक्षेच्या दिवसांत मला रानात कोणी बोलावले नाही. बहिणींना बोलावले. पुढे शिकवू लागलो तेव्हा मार्चमध्ये वर्गातली मुलींची बाके रिकामी दिसत. तेव्हा मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत होतो आणि सुगीवर व्याख्यान देत होतो.

सोयाबीन आले आणि हे बरेच बदलले. सोयाबीनची कापणीही विळ्यानेच होते, कंबर तिथेही मोडते. पण काम गुत्त्याने जाते, चार-दोन दिवसांत आटोपते, आणि दर मजुरांची टोळी घासाघीस करून ठरवते. दुसरी बाजूही आहे. कडबा आटला तशी गोठ्यातली जनावरे कमी झाली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्याच उन्हाळ्यात छावणीत बांधलेल्या जनावरांपुढे ऊस पडत होता, ज्वारीचे ताट नव्हे. माळेगावच्या यात्रेत आजही देखणी देवणी आणि लाल कंधारी जनावरे उतरतात. त्यांच्या मालकांशी बोलताना वैरणीचा विषय निघाला की गप्पांचा सूर बदलतो.

यंत्रांनी कष्ट हलके केले, पण धोका वेगळ्या रूपात आणला. मळणी यंत्रात हात गेलेली आणि कडबा कुट्टीत बोटे गेलेली माणसे आपल्या भागात शोधावी लागत नाहीत. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला आणि त्यात मळणी यंत्राचा समावेश केला. राज्याची शेतकरी अपघात योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला मदत देते. यंत्राच्या तोंडाशी पेंढी लोटणारा माणूस पुष्कळदा रोजंदारीवरचा असतो, आणि त्याचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसते.