श्रवणयंत्राचा प्रवास : सिंहासनापासून सामान्यांच्या कानापर्यंत

दारावरची घंटा, कुकरची शिटी, पाठीमागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा, सभागृहातील प्रवचन आणि नातवंडांची बडबड यांपैकी एकेक ध्वनी हळूहळू दुरावू लागला की माणसाचे जग नकळत लहान होत जाते. डोळे अधू झाले तर आपण निःसंकोचपणे चष्मा लावतो. कान अधू झाले तर मात्र न ऐकताच मान डोलावतो आणि चारचौघांत जाणे टाळू लागतो. एकाच देहातील दोन इंद्रियांच्या बाबतीत असा दुजाभाव का असावा? श्रवणयंत्राचा इतिहास पाहिला असता या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. ऐकण्याची धडपड आणि बहिरेपण लपविण्याची धडपड या दोन धाग्यांनी हा इतिहास विणला गेला आहे.

कानामागे तळहाताचा द्रोण धरणे हे मानवाचे आद्य श्रवणयंत्र होय. सतराव्या शतकापासून युरोपात कानाला लावायचे कर्णे वापरात आल्याचे दिसते. एका टोकाला रुंद आणि कानाकडे निमुळता होत गेलेला हा कर्णा विखुरलेला ध्वनी गोळा करून कानात पोहोचवीत असे. लंडन येथील एफ. सी. राइन यांची पेढी अशा साधनांसाठी विशेष प्रसिद्ध होती. पोर्तुगालचा राजा सहावा जॉन, ज्याच्या राज्यात त्या काळी आपला गोवाही मोडत होता, त्याच्यासाठी या पेढीने १८१९ मध्ये एक सिंहासन तयार केले. त्याचे हात आतून पोकळ असून त्यांच्या टोकांना सिंहाची उघडी मुखे कोरलेली होती. भेटीस आलेल्याने गुडघे टेकून त्या मुखात बोलावे आणि नळीवाटे ते शब्द राजाच्या कानी पोहोचावेत, अशी योजना होती. राजाचे उणेपण त्यामुळे दरबारी रिवाजात झाकले गेले! पुढे धनिकांसाठी हातपंखे, टोप्या आणि केसांत दडविता येणारे पट्टे यांतही अशी साधने बसविली जाऊ लागली.

या संकोचाचे मोल किती जबर असते, याची साक्ष थोर संगीतकार बेथोव्हेन यांच्या चरित्रात मिळते. व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट येथून १८०२ मध्ये आपल्या भावांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली व्यथा मांडली. ‘मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही’, असे लोकांना सांगण्याचे धैर्य होत नाही, म्हणून मी एकाकी झालो, असा त्या पत्राचा आशय आहे. ते पत्र त्यांनी कधी धाडलेच नाही. त्यांच्या निधनानंतर, १८२७ मध्ये, ते कागदपत्रांत सापडले. मेल्ट्सेल या कारागिराने त्यांच्यासाठी बनविलेले कर्णे आजही बॉन येथील त्यांच्या जन्मघरी जतन केलेले आहेत.

याउलट उदाहरण इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो यांचे. तरुणपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या या विदुषीने १८३४ मध्ये आपल्या समदुःखी बांधवांना उद्देशून एक प्रकट पत्र प्रसिद्ध केले आणि संकोच सोडून साधनाचा आधार घेण्याचा आग्रह धरला. स्वतः त्या हाती कर्णा घेऊनच अमेरिकेचा प्रवास करून आल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी ग्रंथ लिहिले. साधन दोघांपाशीही होते. मात्र मार्टिनोबाईंनी ते उघडपणे हाती धरल्याने त्यांच्यासाठी जगाची दारे खुली राहिली.

विजेच्या युगात या साधनाचे रूप पालटले. १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळविणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूळचे कर्णबधिरांचे शिक्षक. त्यांच्या मातोश्रींना ऐकू कमी येत असे आणि पत्नी मेबल या पूर्णतः कर्णबधिर होत्या. दूरध्वनीच्याच तत्त्वावर विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवर चालणारी श्रवणयंत्रे तयार झाली. त्यापाठोपाठ व्हॉल्व्हची यंत्रे आली. पण त्यांचे सेल एवढे जड असत की ते अंगावर वागविणे हेच एक ओझे होऊन बसे.

१९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. ग्रॅहॅम बेल यांच्या स्मृत्यर्थ या संस्थेने श्रवणयंत्रांसाठी आपले स्वामित्वशुल्क माफ केले. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बसविलेले पहिले श्रवणयंत्र बाजारात आले. घरोघरी परिचित झालेला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर, १९५४ मध्ये आला, हे आवर्जून ध्यानात घ्यावे. पुढे यंत्र खिशातून कानामागे आणि कानामागून कानाच्या आत गेले. १९९६ च्या सुमारास पूर्णतः डिजिटल यंत्रे आली आणि ज्याचा जो स्वर हरपला असेल तेवढाच वाढवून देणे सुकर झाले.

या सोयीचे महत्त्व मोठे आहे. वार्धक्यात बहुधा उंच स्वर प्रथम हरपतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण निसटतात आणि ‘साठ’ रुपयांचे ‘आठ’ रुपये ऐकू येतात. अशा वेळी आपण ओरडून बोललो तरी स्पष्टता येत नाही. उलट ऐकणाऱ्याला त्रास होतो. तथापि यंत्र लावताक्षणी सारे सुरळीत होईल, अशी अपेक्षाही धरू नये. दुसऱ्या महायुद्धात बधिरत्व आलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना रेमंड कारहार्ट यांनी योग्य यंत्राची निवड आणि त्याच्या वापराचे शिक्षण यांची सांगड घातली. अनेक दिवस न ऐकलेले ध्वनी पुन्हा ओळखण्यास मेंदूला काही आठवडे द्यावे लागतात. हा धीर न धरल्याने कित्येक यंत्रे कपाटात पडून राहतात.

यंत्र सामान्यांच्या हाती देण्याचे कार्यही मोलाचे आहे. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेतून विनामूल्य श्रवणयंत्रे देण्यास प्रारंभ केला. आपल्या देशात म्हैसूर येथे १९६५ मध्ये अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. गरजूंना साधने पुरविणारी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून राबविली जात आहे. तरीही गरज अफाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणविषयक उपचारांची आवश्यकता आहे. अमेरिकेत ७० वर्षांवरील व्यक्तींवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वांमध्ये सरसकट फरक दिसला नाही. परंतु बौद्धिक ऱ्हासाचा धोका ज्यांना अधिक होता, त्यांच्यात श्रवणयंत्र व मार्गदर्शनामुळे हा ऱ्हास तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास मंदावल्याचे आढळले.

राजाच्या सिंहासनात लाखमोलाने दडविलेली सोय आज त्याहून कितीतरी पटींनी सरस होऊन नखाएवढ्या यंत्रात सामावली आहे. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख बजावले. उरला आहे तो आपला संकोच. घरातील वडीलधाऱ्यांना पुनःपुन्हा विचारावे लागत असेल, दूरदर्शनचा आवाज वाढत चालला असेल, तर त्यांच्यावर न चिडता त्यांना श्रवणतज्ज्ञांकडे न्यावे, त्यांच्यासमोर बसून सावकाश बोलावे आणि यंत्राची सवय होईपर्यंत त्यांना साथ द्यावी. कानावरचे यंत्र चष्म्याइतकेच सहज वाटू लागेल, तेव्हा या दीर्घ इतिहासातील लपवाछपवीचे पर्व खऱ्या अर्थाने संपेल.